उलटा चाप

बंदुका दुरुस्त करणाऱ्या ऑर्व्हिल स्टेंगरच्या बाकावर मार्लिस कोव्हांडाच्या बंदुकीचे सहा भाग मांडून ठेवलेले होते: नळी, पंपाची मूठ, मधला लोखंडी सांगाडा, चापाचा जुडगा, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि दस्त्याच्या टोकाला बसणारी रबराची गादी. गाद्या खरं तर तीन होत्या, पण त्यांतल्या दोन आधीच नापास झाल्या होत्या. शेजारी फूटपट्टी होती, लाकडाच्या पातळ चकत्यांची डबी होती आणि ऑर्व्हिलच्या कॉफीचा मग होता. कॉफीवर लाकडाचा भुसा तरंगत होता आणि ऑर्व्हिल ती तशीच पीत होता.

"आता बदलायचं राहिलंय काय?" मार्लिसनं विचारलं.

"डोकं," ऑर्व्हिल म्हणाला. "पण ते मी उघडत नाही."

मार्लिस हसली नाही. ती गावाबाहेरच्या धान्यकोठारात मक्याचा ओलावा तपासायची. ट्रक आला की त्यातून मूठभर दाणे काढायचे, यंत्रात घालायचे, आकडा वाचायचा. आकडा बिघडला की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, दोन नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. बंदुकीशीही ती जानेवारीपासून तशीच वागत होती. आधी दस्ता पाव इंच आखूड करून घेतला. मग गाल टेकतो ती कड चकत्या घालून उचलली. मग हलकी काडतुसं आणली. मग गादी बदलली, परत बदलली. प्रत्येक बदलानंतर ती एकटी मैदानावर जाऊन पंचवीस तबकड्या मागायची आणि हिसके मोजायची. सहा. सात. पाच. परत सात.

हिसका म्हणजे काय ते नेमबाज सोडून इतरांना सांगूनही पटत नाही. बंदूक खांद्याला लावलेली असते, नळी बरोबर जागी असते, "फेक!" अशी हाक मारली की समोरच्या बुटक्या घरातून मातीची केशरी तबकडी सुटते, डोळ्यांना ती स्वच्छ दिसते, आणि बोट हलत नाही. चाप ओढलाच जात नाही. पण खांद्याला मात्र बार उडाल्यासारखा गचका बसतो, माणूस पुढे कोलमडतो आणि तबकडी सुखरूप गवतात जाऊन पडते. मनाला वाटतं बोटानं दगा दिला, आणि बोटाची तक्रार बहुधा उलटी असावी.

गावच्या, म्हणजे हावेलच्या, नेमबाजी क्लबात पंपाशिवाय दुसरी बंदूक ओळीत उभी करत नसत. क्लब ज्यांनी काढला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. मूठ मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर, मूठ पुढे ढकलायची, नवीन आत. तो खटाक-खटाक आवाज मार्लिस बावीस वर्षं ऐकत आली होती. जुलैत राज्याच्या सामन्याला क्लबातून पाच जणांची ओळ जायची आणि त्या ओळीत तिसरी जागा तिची असायची. तिचा नवरा डेल गेल्या सालच्या हिवाळ्यात गेला. तेव्हापासून आठवडाभर तिच्याशी ट्रकवाल्यांखेरीज कुणी बोलायचं नाही. रविवारी मात्र क्लबातल्या खिडकीशेजारच्या टेबलावर ओळीतली बाकीची चौघं बसायची आणि तिथं एक खुर्ची तिच्यासाठी ओढून ठेवलेली असायची. ते टेबल ओळीतल्यांचं होतं. बाकीचे भिंतीकडच्या बाकांवर बसत. असा काही नियम नव्हता, पण बसत मात्र तसेच.

येत्या रविवारी निवड होती. शंभर तबकड्या, पहिले पाच ओळीत. गेल्या वर्षी पाचव्याचे त्र्याण्णव होते. आणि पंचवीसला सात हिसके म्हणजे शंभरातले अठ्ठावीस नेम न लावताच गेले.

"ऑर्व्हिल, उलटा बसवा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं कॉफीचा मग खाली ठेवला. "पंपात नको मार्लिस."

"व्हर्लिनला बसवून दिला होतात."

"आणि मग व्हर्लिनचं काय झालं ते तुला ठाऊक आहे."

उलटा चाप नावाप्रमाणेच उलटा असतो. तो आधी ओढून धरायचा. धरलेला असेपर्यंत काही होत नाही. बोट सैल सोडलं की बार उडतो. ज्याच्या बोटाला ओढता येईनासं होतं त्याला सोडता मात्र येतं, का ते कुणी नीट सांगू शकत नाही, पण येतं. नियमात तो चालतो. अट एकच: दस्त्यावर ठळक पिवळी चिठ्ठी पाहिजे. कारण ज्याला माहीत नाही त्यानं ती बंदूक उचलली तर तो चाप ओढणार, काहीच होत नाही म्हणणार, नळी खाली घेणार आणि बोट सैल सोडणार.

हावेलमध्ये ही भीती जास्त होती, कारण तिथं बंदूक मागून घ्यायची पद्धत नव्हती. सामना चालू असताना कुणाची मोडली तर बंदुकांच्या रॅकमधली आपल्या मापाची उचलायची आणि उभं राहायचं. विचारायला गेलं तर म्हणत, "विचारतोस काय, मी काय पाव्हणा आहे?"

व्हर्लिन पहिल्या जागेवर उभा राहायचा. त्यानं उलटा चाप बसवला त्या उन्हाळ्यात टेबलावर दुसरा विषय नव्हता. "व्हर्लिन, जेवताना घास आधी गिळतोस की आधी चावतोस?" ओळीचा म्होरक्या लेलंड बुरेश बिअरचा डबा उंचावून म्हणाला होता, "उलट्या चापाचा माणूस माझ्या ओळीत नको रे बाबा, मला पाय दोनच आहेत." सगळे हसले होते. मार्लिसही. पुढच्या वर्षी व्हर्लिन निवडीला आलाच नाही. आता त्याचं नाव फक्त विनोदात निघायचं.

"तुम्ही नाही बसवला तर मी लिंकन शहरात जाऊन कुणाकडून तरी बसवून घेईन," मार्लिस म्हणाली. "तो कसा बसवेल देव जाणे."

ऑर्व्हिलनं दोन दिवस घेतले. बंदूक परत देताना त्यानं दस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या हातानं पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि अंगठ्यानं दाबून दाबून कडा बसवल्या.

"ही निघाली तर माझ्या दारात यायचं नाही," तो म्हणाला.

"नाही निघणार."

"चाप ओढून धरलेला असताना बार न उडवता बंदूक उघडायची कशी ते दाखव परत."

तिनं दाखवलं. रिकाम्या बंदुकीवर त्यानं तिच्याकडून ते इतक्यांदा करून घेतलं की शेवटी तिचा अंगठा सोलला. मग ती मैदानावर गेली. वारा दक्षिणेकडून होता, शेतात गेल्या सालचे मक्याचे बुडखे तसेच होते, वरून क्रौंच पक्ष्यांचा उशिरा निघालेला एक थवा ओरडत चालला होता. तिनं पंचवीस तबकड्या मागितल्या. ओढ, धर, "फेक!", सोड. हिसके शून्य. तेवीस फुटल्या.

ती ट्रकमध्ये जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. कोठारात असा आकडा आला असता तर तिनं नमुना दुसऱ्यांदा तपासला असता. म्हणून तिनं परत पंचवीस मागितल्या. शून्य. चोवीस फुटल्या.

रविवारी सकाळी क्लबाच्या फाटकाशी तिनं ट्रक थांबवला. आत लेलंडचा ट्रक दिसत होता. टेबलाशेजारची खिडकी दिसत होती. तिनं बंदूक मांडीवर आडवी घेतली. पिवळ्या चिठ्ठ्या ऊन पडल्यावर अशा चमकत होत्या की शंभर फुटांवरून वाचता याव्यात. वाचता याव्यात म्हणूनच त्या होत्या. तिला टेबलावरचं हसू ऐकू आलं, आणि त्यात तिचं स्वतःचंही होतं. ती स्वतःशी म्हणाली, बंदूक हातातून खाली ठेवायचीच नाही. मग चिठ्ठीची गरज कुणाला?

तिनं नखानं कड उचलली. ऑर्व्हिलनं बसवलेल्या त्या चिठ्ठ्या सहज निघेनात. तुकडे तुकडे करून काढाव्या लागल्या. खाली चिकट डाग राहिला, तो तिनं बाहीनं पुसला.

सकाळच्या फेरीत ती उभी राहिली. चोवीस, तेवीस, तेवीस, चोवीस. एकही हिसका नाही. शेवटची तबकडी फुटून काळ्या धुराची पिचकारी उडाली तेव्हा लेलंड तिच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "काय गं, कोठारात मक्याऐवजी काही दुसरं चघळतेस का तू? चौऱ्याण्णव! मला वाटलं होतं यंदा तुला बाकावर बसवावं लागणार."

"तू बस बाकावर," मार्लिस म्हणाली. 

फळ्यावर खडूनं नावं चढली. तिच्या वर चौघं, ती पाचवी. दुपारच्या फेरीत धोका होता तो एकटीचाच, डॅनिकाचा. चोवीस वर्षांची पोरगी, तीन वर्षांत पंप असा चालवायला शिकलेली की दोन आवाजांच्या मध्ये फट उरायची नाही. पंचाहत्तर तबकड्या झाल्या तेव्हा डॅनिकानं त्यांतल्या सत्तर फोडल्या होत्या. शेवटच्या पंचविसात चोवीस मारले तर बरोबरी आणि पंचवीस मारले तर मार्लिस बाहेर.

मार्लिसला ते बघवेना. राजमा-खिम्याच्या कालवणाचा वास बाहेरपर्यंत येत होता. आत कुणीतरी तिला हाक मारत होतं, "मार्लिस, रोल संपताहेत!" सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. बंदूक अजून तिच्या हातात होती. बंदूक घेऊन आत जायचं नाही हा क्लबाचा सगळ्यात जुना नियम. ट्रक फाटकाजवळ, लांब. तिनं मूठ मागे ओढून बंदूक उघडी केली, रॅकच्या अगदी कडेच्या खाचेत ठेवली आणि आत गेली. फक्त वाडगा घ्यायचा आणि बाहेर यायचं.

खिडकीशेजारच्या टेबलावर तिची खुर्ची ओढून ठेवलेली होती. क्लबातल्या रॉनच्या बायकोनं वाडग्यात कालवण वाढलं, वर दालचिनीचा रोल ठेवला आणि म्हणाली, "बस गं, दोन मिनिटं. चौऱ्याण्णव मारून उभ्यानं खातात का?"

ती बसली.

रोलचा पहिला तुकडा कालवणात बुडवताना तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. डॅनिका तिसऱ्या जागेवर जात होती. तिच्या हातातल्या दस्त्याच्या टोकाला नवी, लालसर तपकिरी गादी होती. ऑर्व्हिलनं मार्लिसच्या बंदुकीला लावलेली, तिसरी.

वाडगा हातात तसाच घेऊन मार्लिस बाहेर आली. रॅकशी डॅनिकाची बंदूक पडली होती, तिची मूठ अर्ध्यात अडकलेली. लेलंड गुण लिहायच्या उंच खुर्चीवर होता. त्यानं मार्लिसला बघून हात केला. "पोरीची मोडली! तुझी दिली, मापाची होती!" आणि तो हसला, कारण ज्या बंदुकीनं तिनं जागा मिळवली तिनंच ती जाणार असेल तर गंमतच.

ओळीत क्रमानं बार होत होते. पहिल्या जागेवरच्यानं हाक दिली, बार उडाला. दुसरा तयार होत होता. त्याच्यानंतर डॅनिका.

मार्लिसनं तोंड उघडलं. ओरडायचं होतं ते तयार होतं. आणि त्याच वेळी तिच्या मनात दुसरंच काहीतरी हिशोबासारखं चालू झालं. डॅनिका घाईची आहे. ती चाप ओढून लगेच सोडते. एवढ्या घाईत उलट्या चापाचाही बार उडेल, किंचित उशिरा. उशिरा म्हणजे तबकडी सुटणार. एक सुटली की बरोबरीच. दोन सुटल्या की जागा माझी. आणि कुणाला काही कळणार नाही.

दुसऱ्यानं हाक दिली. बार उडाला.

आपण प्रार्थना करतो आहोत हे मार्लिसच्या लक्षात आलं. पोरीनं घाई करावी म्हणून.

"फेक!" डॅनिका ओरडली.

तबकडी सुटली, उजवीकडे वळली. बार उडाला नाही. डॅनिकानं घाई केली नाही. बंदूक परकी होती म्हणून तिनं आज पहिल्यांदाच जपून, सावकाश चाप ओढला होता आणि ओढून धरला होता.

"अरेच्चा," ती म्हणाली. "ही उडतच नाही!" आणि दाखवायला वळली. चौथ्या जागेवर रॉन उभा होता. नळी त्याच्या बाजूला खाली येत होती.

वाडगा कधी पडला ते मार्लिसला आठवत नाही. "बोट सोडू नकोस! डॅनिका, बोट हलवू नकोस! धर, तशीच धर!"

डॅनिका जागच्या जागी थिजली. नळी रॉनच्या गुडघ्यांवर होती.

"का? काय झालं?"

"उलटा आहे तो. उलटा चाप. सोडलास की उडेल. तू फक्त धरून राहा, मी येते."

डॅनिका म्हणाली, "मार्लिस, माझं बोट थरथरतंय."

"थरथरू दे. दाब. अजून घट्ट दाब. माझ्याकडे बघ, नळीकडे नको."

"रॉन, मागे हो," लेलंड खुर्चीवरून हळू आवाजात म्हणाला.

"कसा होऊ? पाय उचलत नाहीत," रॉन म्हणाला.

मार्लिस शेवटचे काही फूट चालतच गेली. धावून गेली तर पोरगी दचकेल याची तिला भीती होती. तिनं डाव्या हातानं नळी खालून धरली. नळी गार होती. मग ती रॉनच्या गुडघ्यांवरून उचलली, गवतावरून, बुटक्या घराच्या छपरावरून पलीकडच्या मोकळ्या शेताकडे नेली. आणि डॅनिकाच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली.

"आता सोड."

बार उडाला. समोर काहीच फुटलं नाही. शेतातल्या बुडख्यांमधून थोडी धूळ उडाली आणि वाऱ्यानं नेली.

"गुडघे मला अजून लागतात," रॉन म्हणाला आणि खाली बसला. कुणी हसलं नाही. डॅनिका मार्लिसच्या खांद्याला डोकं लावून रडायला लागली. मार्लिस तिला थोपटत होती, आणि मगाशी आपण काय मागत होतो ते त्या खांद्यापर्यंत पोचू नये असं तिला वाटत होतं.

लेलंड खाली उतरला. त्यानं बंदूक घेतली, उघडली, रिकामी केली आणि दस्ता उन्हाकडे तिरका धरला. चिकट डागाचा चौकोन तिथं स्पष्ट दिसत होता.

"चिठ्ठी होती."

"हो."

"कुणी काढली?"

"मी. आज सकाळी. ऑर्व्हिलनं दोन्हीकडे लावल्या होत्या, त्याला काही बोलू नकोस."

"का काढलीस? नियमात बसतो तो. चिठ्ठी लावून मारले असतेस तरी चौऱ्याण्णवच होते."

"तू म्हणाला होतास, उलट्या चापाचा माणूस माझ्या ओळीत नको."

"मी? कधी?"

"व्हर्लिनला."

लेलंडला आठवायला वेळ लागला. "अगं, ते बिअरवर. ते आपलं असंच होतं."

"व्हर्लिन परत कुठं आला?"

 लेलंड दस्त्यावरच्या डागावरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुला मी बाहेर काढलं असतं असं वाटलं तुला? बावीस वर्षांनी?"

"काढलं असतंस का?"

त्यानं फळ्याकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "आता ते मलाही कळायचं नाही." आणि मग, कागदावर लिहिलेलं वाचावं तसं, "बिनचिठ्ठीचा उलटा चाप. त्या दिवसाचे सगळे गुण रद्द. मार्लिस, मला लिहावं लागेल."

"लिही ना."

तिनं बंदूक मागितली. त्यानं ती तिला दिली नाही, स्वतःच फाटकापर्यंत चालत जाऊन तिच्या ट्रकमध्ये ठेवली आणि काच वर केली. परत येताना त्यानं तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. खिडकीतून टेबल दिसत होतं. तिच्या खुर्चीवर रॉनच्या बायकोनं तिचा कोट घडी करून ठेवला होता, विसरू नये म्हणून.

मार्लिस भिंतीकडच्या बाकावर बसली. फेरी पुरी करायची होती. लेलंडनं डॅनिकाला आपली बंदूक दिली. तिचा दस्ता डॅनिकाच्या मापापेक्षा सव्वा इंच लांब होता. दर वेळी खांद्याला लावताना गादी तिच्या काखेत अडकत होती. तिथून तिला तो बाहेर ओढून घ्यावा लागत होता. दर पाच बारांनंतर सगळे एकेक जागा पुढे सरकत होते; तिसऱ्या जागेवर एक सुटली. पाचव्यावर एक. दर बारानंतर खटाक-खटाक होत होतं. मार्लिस ते ऐकत होती, आणि तिच्या उजव्या हाताचं बोट पँटच्या खिशात वाकत होतं आणि सरळ होत होतं.

शेवटचा बार झाला. लेलंडनं फळ्यावरच्या पाचव्या ओळीतला चौऱ्याण्णव ओल्या फडक्यानं पुसला, लाकूड वाळेपर्यंत थांबला आणि खडूनं लिहिलं: डॅनिका, शंभरपैकी त्र्याण्णव.